मुलगा गेमच्या कंपनीत लागतो तेव्हा

आपल्या मराठीत ‘खेळ’ हा शब्द जितका गोड आहे तितकाच संशयित आहे. पोरांच्या विटीदांडूला आपण खेळ म्हणतो, डोंबाऱ्याच्या कसरतीला खेळ म्हणतो, सिनेमाच्या सहा ते नऊलाही खेळच म्हणतो. आणि पिंपळाखाली घोंगडी टाकून चाललेला तीनपानी डाव हाही, पोलीस येईपर्यंत, खेळच असतो. एखाद्या कामाचा विचका झाला की त्याचा ‘पोरखेळ’ होतो, आणि विचका कुणी केला ते सांगण्याची सोय नसली की तो ‘नशिबाचा खेळ’ ठरतो. अशा बहुरूपी शब्दाचा कुणी धंदा काढला आणि त्या धंद्यात आपल्या मुलाने नोकरी धरली, तर बापाच्या डोळ्यांपुढे यांतला नेमका कोणता खेळ उभा राहावा?

हा प्रश्न एका रविवारी धर्मापुरीहून एस. टी. ने माझ्या घरी आला.

धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातले, परळी-अंबाजोगाईच्या टापूतले गाव. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ते पाहिले असण्याचा संभव कमी. पण मूर्तिकलेचे अभ्यासक तिथल्या केदारेश्वराच्या देवळासाठी वाट वाकडी करून जातात. चालुक्यांच्या काळातले ते दगडी देऊळ आणि त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहिल्या, की आपल्या पूर्वजांना घाई नावाची गोष्ट ठाऊक नसावी असे वाटते. या गावचा एक मुलगा माझ्या वर्गात मराठी शिकला. मराठी तो बेताचेच शिकला. पण वहीच्या मागच्या पानांवर देवळाचे खांब आणि कीर्तिमुखे अशी काढी, की त्याची वही तपासताना मी मागून सुरुवात करीत असे. पुढे तो पुण्यास गेला, संगणकावर चित्रे काढायला शिकला आणि तिथल्याच एका लहानशा गेमच्या कंपनीत लागला. त्याचे वडील कोरडवाहू सहा एकरांचे धनी. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले,

“सर, लेकरू म्हनतंय गेमच्या कंपनीत लागलो. गेम म्हंजी ती रमीच ना?”

त्यांच्या या शंकेला कारण होते. त्यांच्या मेव्हण्याच्या मुलाने मुकादमाकडून घेतलेली उचल मोबाइलवरच्या रमीत घालवली होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मिळणारी आगाऊ रक्कम. ती पैशांत घेतात आणि कोयत्याने फेडतात. रक्कम पंधरा दिवसांत गेली. फेडायला मात्र तो आणि त्याची बायको दोन हंगाम राबत होती.

“आन आता तर सरकारनं ते बंद केलं म्हनतेत,” ते पुढे म्हणाले, “मग बंद केलेल्या धंद्यात आमचं लेकरू काय करायलंय? कंपनीला पाटी न्हाई, गोदाम न्हाई, भोंगा न्हाई. एका फ्लॅटात बारा पोरं बसतेत. अशी कुठं कंपनी असती का, सर?”

आता मराठीचा अध्यापक हा काही उद्योगधंद्यांचा सल्लागार नव्हे. पण गावाकडच्या माणसाचा असा समज असतो, की ज्याला पुस्तके वाचता येतात त्याला सर्व काही वाचता येते. आणि हा समज टिकवणे हाही आमच्या नोकरीचा एक भाग आहे. शिवाय मुलाने आधी मलाच विचारले होते आणि मी त्याला ‘जा’ म्हणून सांगितले होते. तेव्हा बापाला उत्तर देणे मला भागच होते.

पहिला भाग कायद्याचा, आणि तो सोपा होता. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई केली. मग तो डाव अकलेचा आहे की नशिबाचा, हा वर्षानुवर्षांचा वाद बाजूला ठेवला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही; कारण तो गुन्हेगार नसून गिऱ्हाईक आहे, आणि बहुधा बुडालेला आहे. हा कायदा होताच काही दिवसांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे डाव गुंडाळले. पण त्याच कायद्याने चढाओढीचे ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे खेळ यांना उत्तेजन देण्याचेही ठरवले आहे. म्हणजे एकाच कायद्यात एका खेळाला बेडी आणि दुसऱ्याला शाबासकी. मुलाची कंपनी दुसऱ्या जातीची होती.

“मग ती पैसे कशावर कमावती?” बापाने विचारले.

वाचकहो, या एका प्रश्नात या धंद्याचे सारे शास्त्र आहे. गेमच्या कंपनीची पाटी पाहू नका, माणसे मोजू नका; तिला पैसा कुणाच्या खिशातून आणि कशाबद्दल येतो तेवढे विचारा. रमीवाल्याला प्रत्येक डावातून कापून घेतलेला हिस्सा मिळतो. डाव जितके जास्त तितका हिस्सा जास्त, आणि हरलेला माणूस ‘एवढा एकच’ म्हणत पुन्हा बसतो, तेव्हा तर फारच जास्त. म्हणजे त्याची वाढ खेळणाऱ्याच्या बुडण्यावर असते. खेळ रचून विकणाऱ्याचे गणित याच्या उलट आहे. त्याच्या खेळात गिऱ्हाइकाला आनंद झाला, तरच ते मित्राला सांगते. मित्राने घेतला, तरच कंपनीच्या घरात पुढच्या महिन्याचे दिवे लागतात.

हा माल विकला जातो तो मोंढा मात्र अदृश्य आहे. संगणकावरच्या खेळांचे ‘स्टीम’ नावाचे एक अमेरिकन दुकान आहे. तिथे तुम्ही आपला खेळ मांडता आणि विक्रीतून दुकानदार सुरुवातीला शेकडा ३० कापून घेतो. मोबाइलवर गूगल आणि ॲपल यांची दुकाने. तिथेही २०२५ पर्यंत मोठ्या विक्रीवर कापणी साधारण तेवढीच होती, लहान कंपन्यांना पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत शेकडा १५. खेळ ज्या तयार यंत्रणेवर रचायचा, तिचेही भाडे असते. ‘अनरिअल’ ही यंत्रणा वापरली, तर खेळाची पहिली १० लाख डॉलरची कमाई माफ आणि त्यापुढच्या कमाईवर शेकडा ५.

“म्हंजी आडत हाय की!” असे म्हणून त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला. परळीच्या मोंढ्यात ज्याने तीस वर्षे सोयाबीन आणि कापूस घातला आहे, त्याला अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. फक्त शब्द बदलून सांगावे लागतात.

पण पिकाची मुदत ऐकून ते पुन्हा गंभीर झाले. आडसाली ऊस अठरा महिन्यांत तुटतो. चांगला खेळ तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात आणि तोवर एक पैसा हाती येत नाही. त्या मुदतीत कंपनी जगते कशी, हे सांगण्यासाठी मी त्यांना पुण्याच्याच एका कंपनीची हकिकत सांगितली. ती येथेही सांगण्यासारखी आहे.

‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही ती कंपनी. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांनी ती पुण्यात काढली. त्यांना एक खेळ करायचा होता : राजी नावाची सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवून नेलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि त्याला शोधायला निघालेल्या तिच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ. कथा सांगणारे निवेदक कोण, तर खुद्द दुर्गा आणि विष्णू. मधले प्रसंग कळसूत्री छायाबाहुल्यांनी दाखवलेले, वाटेवर राजस्थानी किल्ले, भिंतींवर पुराणांतली चित्रे. आपल्याकडे आजी जी गोष्ट अंथरुणावर सांगते, ती चालून, उड्या मारून, लढून ऐकायची, एवढाच फरक.

पैशांसाठी त्यांनी २०१७ मध्ये ‘किकस्टार्टर’वर वर्गणी मागितली. पुस्तक निघण्याआधी प्रकाशक सवलतीत नोंदणी घेतात ना, तशातलाच हा प्रकार. पण नियम कडक. ठरवलेला आकडा गाठला तर पैसे मिळणार, थोडा जरी कमी पडला तर जमलेली वर्गणीही ज्याची त्याला परत. आकडा गाठला गेला नाही. नमुन्याचा भाग खेळून लोकांनी वाहवा केली. पण वाहवेवर कुणाचे घरभाडे भागत नाही. असे असूनही मंडळींनी पदरचे घालून काम चालू ठेवले. पुढे ‘सुपर डॉट कॉम’ हा परदेशी प्रकाशक मिळाला आणि ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आणि १५ ऑक्टोबरला संगणक व इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या जागतिक ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. बक्षीस ‘फॅस्मोफोबिया’ या ब्रिटिश खेळाने नेले. तोही मूळ एका माणसाच्या हातचा. पुढच्या सुधारलेल्या आवृत्तीत राजीला हिंदी आवाजही मिळाला.

आमच्या धर्मापुरीच्या मुलाने हा खेळ शिकत असतानाच पाहिला. दगडी खांबांमधून धावणारी राजी पाहून त्याने मला निरोप धाडला होता : ‘सर, हे खांब आपल्याकडं खरे हायेत.’ तो या धंद्याकडे वळला तो याच एका वाक्याने, असे मी समजतो.

आता ‘ऑनलाइन’ खेळांची गोष्ट थोडी निराळी आहे. राजीसारखा खेळ पुस्तकासारखा असतो : एकदा लिहिला, छापला, विकला. ऑनलाइन खेळ मात्र खानावळीसारखा. हजारो लोक एकाच वेळी एकमेकांशी खेळणार, तेव्हा चूल अहोरात्र पेटती हवी. ती यंत्रे, त्यांचे भाडे, लबाडी करणाऱ्यांवर पहारा, दर महिन्याला नवे पक्वान्न. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने हा मार्ग धरला. रॉबी जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कंपनी. ‘मास्कगन’ हा गोळीबाराचा खेळ तिने चालवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा मोठा खेळ मोबाइलवर आणला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा घरोघरी जो हलकल्लोळ झाला, तो पुष्कळ आईबापांना आठवत असेल. त्याच जातीचा खेळ, पण आपल्या मातीतल्या कल्पनांवर रचलेला, असा हा प्रयत्न.

अशा खानावळीत जेवण बहुधा फुकट असते आणि पैसे लोणच्याला पडतात. म्हणजे खेळायला दाम नाही; पण आपल्या गड्याला झगमगीत अंगरखा हवा असेल तर तो विकत घ्यायचा. इतके ठीक आहे. पण काही देशोदेशींच्या कंपन्या लोणचे बरणीत झाकून विकतात : पेटी घ्या, आत काय निघेल ते तुमचे नशीब! इथे खेळाच्या दारातून जुगार पुन्हा घरात येतो. बेल्जियमसारख्या देशाने २०१८ मध्येच अशा काही पेट्या जुगार ठरवून बेकायदा केल्या. म्हणून म्हणतो, पैसा कशाबद्दल येतो, हे विचारल्यावाचून राहू नये.

लहान कंपनी ऑनलाइन खेळात वाढते कशी, याचा जगातला प्रसिद्ध दाखला ‘अमंग अस’चा. इनरस्लॉथ ही अमेरिकेतली तीन माणसांची कंपनी. जून २०१८ मध्ये त्यांनी हा खेळ काढला. गड्यांमध्ये दडलेला लबाड शोधून काढायचा. गावच्या चावडीवर रोज चालते तेच. दोन वर्षे त्याला फारसे कुणी विचारले नाही, पण यांनी दुकान बंद केले नाही, डागडुजी चालू ठेवली. २०२० मध्ये साऱ्या जगाला घरात बसावे लागले आणि तो खेळ एकाएकी कोट्यवधींच्या हाती गेला. अशा वेळी दुसरा भाग काढून पुन्हा पैसे घेण्याचा मोह कुणाला होणार नाही? दुसरा भाग त्यांनी जाहीरही केला होता. पण सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द करून त्यांनी आहे तोच खेळ सुधारायचे ठरवले. ज्यांनी विश्वास टाकला त्यांना आधी वाढायचे, असा हा हिशेब.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला सांगण्याजोगी होती, म्हणून सांगितली. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने बसून शेतीचा खेळ रचला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, कथा त्याची. पोटासाठी नाट्यगृहात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवण्याचे काम. २०१६ मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ निघाला आणि २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. दरम्यान त्याने खेळात पुष्कळ भर घातली आणि जुन्या गिऱ्हाइकाकडून त्याचा छदामही घेतला नाही.

“शेतीचा खेळ?” आमचे पाहुणे म्हणाले, “त्यात पाऊस पडतो का येळेवर?”

“पडतो. नाही पडला तर झारीने पाणी घालता येते.”

“मग खपनारच की, सर.”

त्या दिवशी ते पहिल्यांदाच हसले; पण उठता उठता त्यांनी जो प्रश्न टाकला, त्याला माझ्याजवळ गुळगुळीत उत्तर नव्हते. “बुडती बी असतील की अशा कंपन्या.” बुडतात. ज्यांची नावे मी सांगितली ती तरलेली आहेत. न तरलेल्यांची नावे कुणाच्या ओठांवर नसतात. तीन वर्षे खपून रचलेला खेळ दुकानात मांडावा आणि आठ दिवसांत तो हजारो खेळांच्या ढिगाखाली जावा, हे रोजचे आहे. मी ते तसेच त्यांना सांगितले. ते घरी गेले. नंतर कळले, की त्यांनी मुलाला फोन करून तोच प्रश्न विचारला : पैसे कुनाचे आन कशाचे? मुलाने अर्धा तास हिशेब सांगितला. शेवटी बापाने निकाल दिला : दोन सालं बघू, पगार येतोय तवर ऱ्हा, पर त्यासाठी रान इकायचं न्हाई. कोणत्याही अर्थतज्ज्ञाने यापेक्षा वेगळा सल्ला दिला असता असे मला वाटत नाही. त्या कंपनीचा खेळ अद्याप बाजारात यायचा आहे.

वाढलेल्या कंपन्यांपुढे आणखी एक वळण येते. मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये ‘इंडियागेम्स’ काढली. २०११ मध्ये ती डिस्नेने घेतली. ‘रिअल क्रिकेट’ हा खेळ करणारी ‘नॉटिलस मोबाइल’ ही आपल्याच महाराष्ट्रातली. २०२५ मध्ये पबजीवाल्या कोरियन क्राफ्टनने तिचा मोठा हिस्सा घेतला. यात काही पाप नाही. लावलेल्या कलमाला फळ धरल्यावर बाग कुणी विकली तर त्याला नावे ठेवण्याचा आपणांस अधिकार नाही. मात्र विकल्यानंतर कोणते फळ लावायचे, हे नवा मालक ठरवतो. स्वतंत्र राहिलेल्या कंपनीजवळ पैसा थोडा असतो, पण ‘हा खेळ अजून झालेला नाही’ असे म्हणण्याचा हक्क तिचा तिच्याजवळ असतो.

हा हक्क काय चीज आहे, हे पाहायला आम्हांला दूर जावे लागत नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आमच्याकडे सांगतात. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. प्रकाशक नाही, ग्राहक नाही, कागद पुरेना म्हणून कापड घेतले. एका फ्लॅटमध्ये बसून तीन वर्षे एकेक खांब रंगवणारी ती बारा पोरे पाहिली की मला ती पासोडी आठवते. पोरांची योग्यता पंतांची आहे असे मी म्हणत नाही. शाईचा खर्च मात्र दोघांनाही चुकलेला नाही, आणि तो कुणीतरी भरावा लागतो.

या दिवाळीत फराळाचे ताट पुढे असताना तुमचे चिरंजीव किंवा कन्यका मोबाइलमध्ये डोके घालून बसतील. त्यांच्यावर ओरडण्याआधी एवढेच विचारून पाहा, की हा खेळ कुणी केला आणि त्याला पैसे कशाचे मिळतात. बहुतेकांना सांगता येणार नाही. ते शोधायला लागतील. उत्तर डावाचे किंवा झाकलेल्या पेटीचे निघाले तर खेळ तिथेच थांबवा. आणि शोधता शोधता पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटचा पत्ता निघाला, खेळ आवडण्याजोगा असला आणि त्याची किंमत एखाद-दुसऱ्या दिवाळी अंकाएवढी असली, तर तो विकत घेऊन द्या. चोरून उतरवू देऊ नका. ज्या वाचकांनी हा अंकच शेजाऱ्याकडून मागून आणला असेल, त्यांना हे सांगण्यात अर्थात हशील नाही. पण वाचून झाल्यावर निदान तो परत करावा.